पट्टी उतरली आणि कुमार भेटले

सध्या मला कुणीही भेटो, लिफ्टमध्ये, भाजीच्या ठेल्यावर, मेट्रोत तपासणीच्या रांगेत, मी एकच विचारते: कुमार गंधर्वांचं क्षयाच्या आधीचं गाणं आणि क्षयानंतरचं गाणं, दोन्ही लागोपाठ ऐकलंय का? नोएडात याला बहुतेक वेळा उत्तर येतं, "कौन से गंधर्व, जी?" मग मी फोन काढते. समोरच्याला घाई असली तरी काढते. घरचे म्हणतात, हिचा खोकला गेला पण ताप डोक्यात राहिला. राहू दे! वयाची पन्नाशी गाठेपर्यंत हे गाणं माझ्या कानांवरून नुसतं ओघळून गेलं होतं. रेडिओवर लागायचं, आई "किती छान" म्हणायची, मी कणीक मळायची. आणि आता या हिवाळ्यात एकदम, दार धाडकन उघडावं तसं, ते आत आलंय आणि मला बसू देत नाही.

हे कसं झालं ते सांगते. माझा आवाज गेला, तिथून सुरुवात झाली.

मी काही गायिका नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीत आणि कोजागिरीला भावगीतं म्हणणारी, लहानपणी चार परीक्षा दिलेली, पेटीवाल्याला "काळी चार" अशी पट्टी झोकात सांगणारी बाई. नोएडातल्या मराठी मंडळींत तेवढ्यावरही मान मिळतो. नोव्हेंबर आला, परालीचा, म्हणजे शेतात जाळलेल्या काडाचा, धूर आला, सेक्टर 61च्या आमच्या गॅलरीतून समोरचा टॉवर दिसेनासा झाला. बांधकामं बंद, शाळा ऑनलाइन, घराघरांत प्युरिफायरची घरघर. त्यात मला व्हायरल झालं, त्याचा न्यूमोनिया झाला. त्यातून उठले तर खोकला उठला. आठवडेच्या आठवडे नुसता खोकला! तो कमी झाला तेव्हा लक्षात आलं की बोलायला तोंड उघडलं की आधी हवा येतेय, मग खरखर, आणि शब्द जमलाच तर सगळ्यात शेवटी. फोनवर सासूबाईंनी विचारलं, "कोण बोलतंय? अरे, हिला द्या ना फोन." गायचं तर नावच नको. खालचा पंचम कसाबसा लागायचा, मध्यमापाशी आवाज दुभंगायचा आणि वरचा षड्ज म्हणजे निव्वळ वारा.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून एक बारीक नळी आत घातली आणि मला म्हणाले, समोर पडद्यावर बघा. मी बघितलं. इतकी वर्षं ज्याच्या जिवावर मिरवले ते मी पहिल्यांदाच बघत होते! दोन पांढुरके पडदे, आगगाडीच्या रुळांसारखे सरळ नव्हे, मागच्या बाजूला फाकलेले, इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारखे. त्यांनी "ई" म्हणायला सांगितलं. पडदे जवळ आले आणि नुसती धूसर थरथर दिसायला लागली. मग त्यांनी लुकलुकणारा दिवा लावला, स्ट्रोबोस्कोप. आवाजाच्या कंपनापेक्षा किंचित वेगळ्या गतीने तो उघडझाप करतो, त्यामुळे डोळ्यांना ते कंपन सावकाश झाल्याचा भास होतो. आणि मग दिसलं! कडेवरून ओली लाट सरकतेय, पडदे मिटताहेत, उघडताहेत, पुन्हा मिटताहेत. बाईच्या स्वरतंतूंची, म्हणजे या पडद्यांची, लांबी जेमतेम सव्वा-दीड सेंटिमीटर. काळी चारच्या तार षड्जाला ते सेकंदाला 415 वेळा मिटतात. 415! एका सेकंदात! आपण "वा, काय सूर लागलाय" म्हणतो तेवढ्या वेळात त्या चिमुकल्या कडांनी हजारभर टाळ्या दिलेल्या असतात. मी तिथेच, नाकात नळी असताना, "बाप रे" म्हणाले. तेही खरखरीतच.

माझ्या पडद्यांना सूज होती आणि वर आणखी एक भानगड. खोकून खोकून मी घशाचे, मानेचे सगळे स्नायू आवळून बोलायची सवय लावून घेतली होती. आवाज येत नाही म्हणून जोर, जोर लावला म्हणून आणखी घट्ट, घट्ट म्हणून आवाज नाही. औषध फार थोडं, विश्रांती पुष्कळ, कुजबुजायला मनाई, ओरडायला तर मनाईच, आणि आवाजाच्या व्यायामासाठी एका स्पीच थेरपिस्टकडे पाठवणी.

ती थेरपिस्ट म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची मल्याळी पोरगी. मी मनाशी धरून गेले होते की ही आता ओंकार, खर्ज, मिठाच्या गुळण्या सांगणार. तिने काय दिलं? स्ट्रॉ! अर्धी भरलेली पाण्याची बाटली, त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि त्यातून "ऊ" म्हणायचं. बुडबुडे यायला हवेत, आवाजही यायला हवा, पण मान ताठ व्हायला नको. मी फुंकर मारली की ती म्हणायची, "आंटी, ज़ोर नहीं. हवा." मी अजून जोर लावायची. "आंटी, हवा." शेवटी कंटाळून मी सैल सोडलं, बुडबुडे बुडबुड करत निघाले आणि त्यांच्या मागून, मला काही न विचारता, एक स्वच्छ "ऊ" आला. लहान, पातळ, पण स्वच्छ! खरखर नव्हती त्यात!

यामागचं कारण ऐकून तर मी थक्क झाले. स्ट्रॉच्या बारीक भोकातून हवा सहज सुटत नाही, म्हणून तोंडात आणि घशात थोडा दाब साठतो. तो दाब उलट खाली स्वरतंतूंवर येतो आणि त्यांना एकमेकांवर आपटू देत नाही. ते हळुवार भेटतात, आणि कमी श्रमात कंप पावतात. इंगो टिट्झे नावाच्या अमेरिकेतल्या आवाजशास्त्रज्ञाने याच्यावर खूप काम केलंय, त्याची प्रात्यक्षिकं मी रात्री जागून पाहिली. मग मी ऑफिसात ताकाच्या स्ट्रॉमधून यमनचे आरोह-अवरोह करायला लागले. शेजारच्या टेबलावरचा मुलगा विचारतो, "मॅम, सब ठीक?" सगळं ठीक आहे, बाळा! फार ठीक आहे!

पण आवाज परत आला तो तोच नव्हता. काळी चारला वरचा षड्ज काही केल्या खुलेना. पांढरी पाच, म्हणजे अर्धा सूर खाली, तिथे मात्र काहीतरी होतं. थोडं जाडसर, थोडं मातकट. मला रडायला येत होतं. वरच्या मजल्यावर मूळचे इंदूरचे एक मराठी काका राहतात, निवृत्त झालेले, तोंडाचा पट्टा कायम चालू. त्यांना लिफ्टमध्ये गाऱ्हाणं सांगितलं तर म्हणाले, "मग काय झालं? कुमारांचं तर एक फुफ्फुसच गेलं होतं. तुमचा अर्धा सूर गेला तर गेला." आणि सातव्या मजल्याला उतरून गेले.

एक फुफ्फुस?

त्या रात्री मी झोपले नाही. जे जे सापडलं ते वाचलं, ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सेक्टर 61पासून बाराखंबापर्यंत ब्लू लाइनमध्ये उभ्या उभ्या ऐकत गेले. यमुना बँक मागे पडलं, गाडी पुलावर चढली, खाली ती बिचारी काळी नदी, आणि कानांत कुमारांचा लगनगंधार. त्यांनी स्वतः निर्माण केलेला राग. दोन्ही गंधार! आणि मी पाहिलं, म्हणजे ऐकलं, की हा माणूस षड्ज लावतो आणि थांबतो. थांबतोच! मागे तानपुरे बोलत राहतात. मग कुठून तरी अचानक, पूर्वसूचना नाही, पायऱ्या नाहीत, तारसप्तकातला एक स्वर. टोकदार. आणि लगेच गप्प. मला बाराखंबाला उतरायचं होतं, मी पार रामकृष्ण आश्रम मार्गापर्यंत गेले.

आता त्यांची गोष्ट सांगू द्या, कारण मला वाटतं माझ्यासारखे आणखी पुष्कळ असतील ज्यांना ती अर्धीमुर्धीच माहीत आहे. 8 एप्रिल 1924, बेळगावजवळचं सुळेभावी. नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. कानडी घर, आणि गाणं मात्र पुढे सगळ्या मराठी मुलखाने आपलं म्हटलेलं. हे पोर सहा-सात वर्षांचं असताना मोठमोठ्या उस्तादांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसंच गायला लागलं. लोक वेडे झाले, "कुमार गंधर्व" ही पदवीच नाव होऊन बसली. अकराव्या-बाराव्या वर्षी मुंबईत जिना हॉलमधल्या परिषदेत गायले तेव्हा मोठमोठे गवई डोळ्यांत पाणी आणून ऐकत होते म्हणतात. त्या लहानपणीच्या तबकड्या आज ऐकायला मिळतात. ऐका! गळा म्हणजे नुसती वीज. काहीही करून दाखवणारा.

मग प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे, ऑपेरा हाउसजवळच्या त्यांच्या संगीत विद्यालयात शिक्षण. (देवधर मास्तर आवाजाच्या जोपासनेचे मोठे जाणकार, त्यांनी त्या विषयावर पुस्तक लिहिलंय. हे कळलं तेव्हा मी पुन्हा एकदा टुणकन उडाले. ज्या शिष्याचा श्वासच पुढे अर्धा होणार होता तो नेमका यांच्याच हाताखाली वाढला!) देवधरांच्याच विद्यालयातल्या भानुमती कंस यांच्याशी 1947 साली लग्न. आणि त्याच सुमारास क्षय. तेविसाव्या वर्षी.

त्या वेळी इथे क्षयावर हुकमी औषध सहज मिळत नव्हतं. मोकळी कोरडी हवा, अंथरूण, सकस अन्न आणि नशीब. 1948च्या जानेवारीत ते माळव्यात देवासला राहायला आले. देवास! टेकडीवर देवी, खाली गाव, आणि त्या एवढ्याशा गावात पवारांच्या दोन-दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही काळ तिथे थोरल्या पातीच्या महाराजांकडे कामाला होता, त्यावर त्याने पुस्तकही लिहिलं. गवई रजबअली खाँसाहेबांचं गाव ते. लोक श्वासासाठी देवासला जायचे, आणि आम्ही नोकरीसाठी नोएडाला आलो. असो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, गायचं नाही. गाणं म्हणजे मरण. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, नवऱ्याची शुश्रूषा केली. आणि हा चोविशीतला, लाखांत एक गळा असलेला माणूस वर्षानुवर्षं खाटेवर पडून. आवाज काढायला बंदी! माझी विश्रांती काही आठवड्यांची होती आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणजे खुणा करून करून. हा माणूस पाचेक वर्षं गप्प होता.

गप्प राहून करत काय होता? ऐकत होता! इथेच तर माझ्या अंगावर काटा येतो. बाहेरून माळव्यातल्या बायका लग्नाची, सणाची, पेरणीची गाणी म्हणत जायच्या. नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं म्हणत दारावरून जायचे. हे सगळं त्याच्या कानांवर पडत होतं. आपण लोकगीत ऐकतो तेव्हा म्हणतो, किती गोड, किती साधं. त्याने ऐकलं तेव्हा त्याला दिसलं की तीन-चार स्वरांच्या या धुनांमध्ये रागाचं बीज आहे. शास्त्रकारांनी राग बांधण्याच्या आधी राग असा असणार! पुढे त्याने त्या धुना गोळा केल्या, त्यांचं स्वरलेखन केलं, आणि त्यांतून नवे राग निघाले. त्यांना तो "धुनउगम राग" म्हणायचा. संजारी, मालवती, मधसुरजा, सहेली तोडी, नावं तरी काय! 1965 साली मौज प्रकाशनाने "अनूपरागविलास" काढलं, त्यात हे राग आणि बंदिशी आहेत. मी ते पुस्तक मागवलंय. नोटेशन मला अर्धंच वाचता येतं, तरी रात्री उशाशी घेऊन बसते.

क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध 1943 साली अमेरिकेत सापडलं होतं. त्यामागच्या वाक्समन या शास्त्रज्ञाला त्यासाठी नोबेल मिळालं ते 1952 साली, आणि साधारण त्याच काळात देवासच्या खाटेवरचा हा माणूस त्याच औषधाने उठून बसला. एक फुफ्फुस कायमचं निकामी झालं होतं. 1953 साली तो पुन्हा मैफलीत बसला.

आणि आता ते दोन आवाज लागोपाठ ऐका. म्हणूनच तर मी सगळ्यांच्या हातात इअरफोन कोंबतेय! तबकडीतला मुलगा सगळं करून दाखवतो. देवासहून परत आलेला माणूस काहीच करून दाखवत नाही. तो स्वर ठेवतो. बोलपटातल्या रुग्णासारखा दमत नाही, धापा टाकत नाही, तुमच्याकडून दया मागत नाही. वाक्य छोटं, पण पुरं. मागे त्याच्या दुसऱ्या पत्नी वसुंधराबाईंचा आवाज आणि ते तानपुरे, ज्यांच्या जुळवणीसाठी तो अख्खी दुपार घालवायचा म्हणतात. त्याला तानपुरे इतके शुद्ध का लागत असतील ते मला आता कळतं. ज्याला प्रत्येक आवर्तन भरून काढायचं नाही, त्याच्या मोकळ्या जागेत तानपुराच ऐकू येणार ना!

आमच्या मराठी घरांतून एक वाक्य फार वर्षं फिरतं: "कुमारांचा दमच अर्धा, म्हणून ते तुकड्यातुकड्यांनी गायचे." काकांनीही हे ऐकवलं मला. मी त्यांच्याशी भांडले! लिफ्ट थांबवून भांडले. अहो, दम कमी म्हणून तुटलेलं गाणं कसं असतं ते मला विचारा, मी गेले कित्येक आठवडे तेच गातेय. त्यात श्वास संपतो आणि मग स्वर संपतो. कुमारांच्या गाण्यात उलट आहे. स्वर संपतो तेव्हा श्वास शिल्लक असतो. तिथे थांबायचं हे आधीच ठरलेलं आहे. आणि त्यांची निर्गुणी भजनं ऐका, त्यात बारीक, धारदार, लांबवर ताणून धरलेले स्वर आहेत, ते काय अर्ध्या दमाचे आहेत? दम मोजून गाणारा माणूस असा स्वर धरायला धजणार नाही. फुफ्फुस गेलं नसतं तरी हे गाणं असंच झालं असतं का, हा वेगळा प्रश्न. मला तर वाटतं, फुफ्फुसापेक्षा त्या खाटेवरच्या ऐकण्याने त्यात जास्त फेरफार केला. काकांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "दोन्ही." बरं, दोन्ही.

पण काका भांडून जात नाहीत, काहीतरी देऊन जातात. दुसऱ्या दिवशी त्यांनी वामनराव देशपांड्यांचं "घरंदाज गायकी" आणून दिलं, 1961 सालचं पुस्तक, जुनी प्रत, पानं पिवळी. त्यात वामनरावांचं म्हणणं असं की घराणं म्हणजे मुळात संस्थापकाच्या आवाजाची जडणघडण. त्याच्या गळ्याला जे शोभतं, जे जमतं, जे जमत नाही, त्यातून गायकी आकाराला येते आणि शिष्य ती पुढे नेतात. हे वाचताना मी खुर्चीतून उठले. आणि मग अल्लादिया खाँ!

अल्लादिया खाँसाहेब, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, जन्म 1855, गेले 1946 साली मुंबईत. तरुणपणी त्यांचा आवाज मऊ, लवचीक, गोड होता. रतलामजवळच्या अमलेटा नावाच्या छोट्या ठिकाणच्या रसिक संस्थानिकाने त्यांना इतके दिवस सलग गायला लावलं की त्यांचा आवाजच गेला. खलास! जवळजवळ दोन वर्षं. परत आला तो वेगळा, जड, पूर्वीची झिलई गेलेला. मग त्यांनी काय केलं? जुना आवाज परत मिळवत बसले नाहीत. या नव्या, जड आवाजाला शोभेल अशी गायकी बांधली. लयीला घट्ट धरून चालणारी, पेचदार तानांची, अनवट रागांची. पुढे शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरात ठेवून घेतलं, भास्करबुवा बखल्यांनी त्यांच्याकडून घेतलं, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडे शिकल्या. ज्या गायकीपुढे आज आपण कान पकडतो ती एका बसलेल्या घशातून आली!

थांबा, पुढचं तर ऐका. 1977 साली नासाने व्हॉयेजर यानं सोडली, त्यांवर पृथ्वीवरच्या आवाजांची एक सोनेरी तबकडी ठेवली. त्यात भारताचं एकच गाणं आहे: केसरबाई केरकरांची भैरवी. व्हॉयेजर 1 हे 2012 साली सूर्याच्या वाऱ्यांची हद्द ओलांडून बाहेर गेलं. म्हणजे अमलेट्यात ज्याचा घसा बसला त्याची शिष्या आज ताऱ्यांच्या मधल्या अंधारातून चालली आहे. हे मी रात्री अकरा वाजता नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "अगं, सकाळी सांग ना." सकाळीही सांगितलं.

आणि भूगोल बघा! अमलेटा आणि देवास, दोन्ही माळव्यात, शे-दीडशे किलोमीटरच्या आत. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या दोन अगदी स्वतंत्र गायक्या, एकीच्या मुळाशी बसलेला गळा, दुसरीच्या मुळाशी गेलेलं फुफ्फुस, आणि दोन्ही एकाच पठारावर. यात काही अर्थ काढू नका, योगायोगच आहे. पण मला नकाशावर दोन बोटं ठेवून बघायला आवडतं.

आता माझं. स्ट्रॉ अजून सुटलेली नाही, खोकल्याची उबळ आली की पुन्हा मान आवळते. पण मी काळी चारच्या मागे लागणं सोडलं. पांढरी पाचला बसते, सकाळी, खिडकी बंद, प्युरिफायर चालू, तानपुऱ्याचं ॲप सुरू. आधी बुडबुडे, मग स्ट्रॉ बाहेर काढून "ऊ", मग "आ". आणि मग षड्ज लावून थांबते. या थांबण्याचीच चैन! आधी मला मोकळी जागा दिसली की भीती वाटायची, वाटायचं, लोक म्हणतील हिला पुढचं आठवत नाही. आता मी थांबते आणि तो खालचा जाडसर, मातकट स्वर खोलीत फिरताना ऐकते. त्यात एक पूर्वी नव्हता असा खर्ज आलाय. खालचा पंचम आता असा लागतो की पोटात गुदगुल्या होतात. हा कुठे होता इतकी वर्षं? बहुधा काळी चारच्या हट्टापायी मी खाली कधी उतरलेच नव्हते.

थेरपिस्टला मी कुमारांचं निर्गुणी भजन ऐकवलं. ती शांतपणे ऐकत राहिली आणि तज्ज्ञासारखी म्हणाली, "आंटी, इनका ऑनसेट बहुत सॉफ़्ट है. देखिए, कहीं धक्का नहीं है." बघा! ज्या गाण्यावर लोकांनी ग्रंथ लिहिले त्यातली नेमकी आणि तिच्या कामाची गोष्ट तिने दोन मिनिटांत उचलली. स्वर सुरू करताना पडदे एकमेकांवर आदळत नाहीत. शेवटी तो माणूसही दहा वर्षांच्या वयात गळ्यावर वाटेल तो अत्याचार करून मोकळा झाला होता आणि नंतर त्याला प्रत्येक स्वर सांभाळून ठेवायला लागला. तिने ते गाणं स्वतःच्या फोनवर घेतलंय, दुसऱ्या रुग्णांना ऐकवायला.

सोसायटीचा कार्यक्रम दिवाळीला असायचा, तो आम्ही आता गुढीपाडव्याला ढकललाय. दिवाळीच्या पहाटे नोएडात गाणं म्हणजे धुरात गुळण्या. पाडव्यापर्यंत हवा जरा माणसांत येते. पेटीवाल्याला मी फोन केला, म्हटलं, "पांढरी पाच." तो क्षणभर गप्प, मग म्हणाला, "ताई, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे, आणि मला आवर्तनाच्या मध्ये मोकळी जागा लागणार आहे, ती भरायची नाही. तो म्हणाला, "भरायची नाही म्हणजे? मग मी काय करू?" ऐक! तू नुसतं ऐक! यावर त्याचं अजून समाधान झालेलं नाही, उद्या घरी येतोय वाद घालायला.

आणि आता तुमच्याकडे एक काम आहे. जब्बार पटेलांचा "हंस अकेला" हा कुमारांवरचा माहितीपट मी पाहिला, पाहून झाल्यावर परत पाहिला. पण मला त्यापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेली माणसं हवीत. साठच्या दशकात कुमारांनी "मला उमजलेले बालगंधर्व" केलं, माळव्याच्या लोकधुनांचे कार्यक्रम केले, "गीतवर्षा" केलं. तुमच्या घरात कुणी आजोबा, कुणी आत्या असेल जी पुण्या-मुंबईत त्या मैफलीत बसली होती, तर तिला विचारा: तो पहिला स्वर लावून किती वेळ थांबायचा? लोक त्या वेळात काय करायचे? खोकायचे का? मला हे अगदी आज कळायला हवंय, माझा पेटीवाला उद्या येतोय.